शीर्षक झाकून बघा: दिलेल्या विषयावर फोटो काढण्याची रीत

गेल्या वर्षी आम्ही नऊ जणांनी एक नेम धरला. महिन्याच्या पहिल्या रविवारी डब्यातून चिठ्ठी काढायची, तिच्यावर निघेल त्या शब्दावर महिनाभरात फोटो काढायचा आणि शेवटच्या रविवारी प्रत्येकाने एकच प्रिंट घेऊन यायची. एकच. दोन आणल्या तर दोन्ही बाद. आमच्यात एक निवृत्त एसटी कंडक्टर आहेत, एक औषध दुकानदार, कॉलेजची दोन मुलं, शिवणकाम करणारी माझी मैत्रीण आणि मी, शाळेत भूगोल शिकवणारी. फोटोवर कुणाचंच पोट चालत नाही.

डिसेंबरअखेर माझ्या बाराही प्रिंट्स मी सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घराच्या माडीवर सतरंजीवर मांडल्या आणि तासभर बघत बसले. पाच चांगल्या होत्या, चार बऱ्या होत्या. उरलेल्या तीन दिसायला सुंदर होत्या, पण दिलेल्या शब्दाशी त्यांचं काही नातं नव्हतं. ते नातं मी खाली शीर्षक लिहून चिकटवलं होतं. शीर्षकावर हात ठेवला की फोटो मुका होत होता.

त्या तीन फोटोंनी मला उरलेल्या नऊंपेक्षा जास्त शिकवलं. विषय फोटोत दिसावा लागतो, तो फोटोखाली लिहून भागत नाही. हे वाक्य सोपं आहे, पण चिठ्ठी उघडल्यापासून प्रिंट हातात येईपर्यंत दहा ठिकाणी ते निसटतं. कुठे निसटतं आणि तिथे काय करायचं, ते माझ्या वर्षभराच्या अनुभवावरून क्रमाने सांगते. कॅमेरा कुठलाही चालेल. माझ्या बारापैकी चार फोटो फोनवर काढलेले आहेत.

पहिली पायरी: शब्दाला क्रियापद लावा

मार्चची चिठ्ठी होती 'पिवळा'. सांगलीत हा शब्द काढला की काय होणार ते सांगायला नको. इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि मार्च म्हणजे मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात असण्याचा काळ. शेवटच्या रविवारी नऊपैकी पाच जण हळदीचा ढीग घेऊन आले. पाचही फोटो चांगले होते, पण एकमेकांशेजारी ठेवल्यावर कुठला कुणाचा ते ओळखू येईना.

विषय मिळाला की पहिल्या दिवशी कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. वही घ्यायची आणि दहा मिनिटं, मनात येईल ते लिहीत जायचं. माझी यादी अशी झाली होती: हळद, झेंडू, लिंबू, सूर्यफूल, रिक्षा, जुनी पत्रिका, कावीळ, पिकलं पान, सोडियमचा दिवा, हळदी समारंभातली नवरी. यातली पहिली पाच नावं खोडायची. ती वाईट असतात म्हणून नव्हे, ती सगळ्यांच्याच डोक्यात पहिली येतात म्हणून.

मग उरलेल्या शब्दांना, आणि मूळ शब्दालाही, क्रियापद लावायचं. पिवळं असणं. पिवळं होणं. पिवळं पडणं. पिवळेपण न जाणं. नुसत्या 'पिवळा' या शब्दाने मला रंग दिला होता, 'पिवळेपण न जाणं' या शब्दांनी प्रसंग दिला. मी पुन्हा हळदीकडेच गेले, पण ढिगाकडे नाही. यार्डाच्या मागे नळ आहे. दिवसभर पोती उचलून हमाल तिथे हात धुतात. हात कितीही चोळले तरी नखांच्या कडा, तळव्यांच्या रेषा पिवळ्याच राहतात, आणि खाली फरशीवरून पिवळं पाणी गटाराकडे वाहत असतं. तो माझा फोटो. वर्षातल्या पाच चांगल्यांपैकी एक.

मराठी शब्दाच्या पोटात म्हणी आणि वाक्प्रचार असतात. त्यांचा उपयोग करा. जूनमध्ये 'वाट' निघाली तेव्हा मी शब्दकोश उघडून बसले. वाट चुकणं, वाट मोडणं, वाट अडवणं, वाट बघणं, वाट लागणं, वाटेला लावणं, वाटेला न जाणं. एका शब्दाखाली सात वेगवेगळे फोटो होते. कंडक्टरकाकांनी 'वाट मोडणं' घेतलं: शेतातली जुनी पायवाट नांगरल्यावरही मधोमध उमटलेल्या दोन-चार पावलांच्या खुणा. आम्ही बाकीचे दोन्ही कडांना झाडं असलेला रस्ता घेऊन आलो होतो.

दुसरी पायरी: जागेला दोनदा जा, पहिल्यांदा रिकाम्या हाताने

पहिल्या फेरीत तीन गोष्टी बघायच्या: उजेड कुठून येतो, माणसं केव्हा काय करतात आणि उभं राहायला जागा कुठे आहे.

उजेडाबद्दल सांगलीपुरतं सांगते, बाकीच्यांनी आपापल्या गावचं ताडून बघावं. कृष्णेच्या घाटावर उभं राहिलं की समोर सांगलीवाडी, म्हणजे पश्चिम. संध्याकाळी सूर्य समोर असतो, त्यामुळे घाटावरची माणसं, नाव, पायऱ्यांवरचा कुत्रा, सगळं काळ्या आकृत्यांसारखं दिसतं. चेहरे हवे असतील तर सकाळी जायचं, तेव्हा ऊन गावाच्या बाजूने येतं. सूर्य रोज त्याच जागी मावळतही नाही. सांगलीच्या अक्षांशावर डिसेंबरातला मावळतीचा बिंदू आणि जूनमधला यांत जवळपास ५० अंशांचं अंतर पडतं. हिवाळ्यात आयर्विन पुलाजवळच्या ज्या जागेवरून सूर्य नेमक्या झाडामागे गेला होता, त्या जागेवर पावसाळ्याच्या तोंडाला जाऊन तो मिळणार नाही. वेळाही लिहून ठेवा. जानेवारीत इथे सात वाजता उजाडतं, मेमध्ये सहाला. कोवळं ऊन त्यानंतर जेमतेम तासभर टिकतं, उन्हाळ्यात त्याहून कमी.

माणसांचं वेळापत्रक उजेडापेक्षा महत्त्वाचं. यार्डात सौदा चालू असताना कुणालाही तुमच्याकडे बघायला सवड नसते, आणि मध्ये उभं राहिलात तर अडचण होते. सौदा संपल्यावर, पोती भरताना, चहाच्या वेळी जा. ज्याच्या दुकानात जायचं त्या अडत्याला आधी भेटा, शक्य असेल तर ओळखीच्या शेतकऱ्याबरोबर. मी नळाजवळ उभी राहिले तेव्हा एक हमालमामा म्हणाले, "काढा की ताई, पण तोंड नको हां, हातच काढा." तेच मला हवं होतं. नसतं हवं, तरी हातच काढले असते.

तिसरी पायरी: कॅमेऱ्याची मांडणी विषयाने ठरवायची

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सरसकट सांगितलेले आकडे इथेच दगा देतात.

आधी पिवळ्याचं. गोदामात चारही बाजूंनी हळद असली की कॅमेऱ्याची आपोआप रंग जुळवण्याची सोय गोंधळते. सगळीकडे पिवळं दिसलं की तिला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि ती तो रंग कमी करून टाकते. हळद फिकट, मातकट येते. उपाय सोपा: व्हाइट बॅलन्स आपोआपवर न ठेवता दिवसाच्या उजेडावर ठेवा. फोनच्या कॅमेऱ्यातही 'प्रो' विभाग असेल तर तिथे हे करता येतं. दुसरी अडचण अशी की भडक पिवळ्यात लाल रंगाची बाजू सगळ्यात आधी ओसंडते. पडद्यावर फोटो बरा दिसतो, पण मोठा करून बघितला की हळकुंडावरच्या सुरकुत्या गायब, नुसता पिवळा ठिपका. एक्स्पोजर, म्हणजे चित्रात येणारा उजेड, पाऊण ते एक पायरी खाली आणा. फोनवर हळदीवर बोट दाबून धरा, फोकस अडकला की बोट खाली ओढा. आणि हळदीच्या धुळीत लेन्स बदलू नका. घरी आल्यावर काचेवर थेट फडका फिरवू नका, आधी ब्लोअरने धूळ उडवा. बारीक कण काचेवर घासले तर चरे पडतात.

जुलैत 'प्रतिबिंब' निघालं. पावसाळ्यात कृष्णा गढूळ आणि धावती असते, तिच्यात प्रतिबिंब शोधण्यात मी दोन रविवार घालवले. शेवटी एसटी स्टँडबाहेरच्या डबक्याने काम केलं. तिथे समजलेल्या गोष्टी अशा. प्रतिबिंबावर फोकस करायचा म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर नाही. डबकं दोन हातांवर असलं तरी त्यात दिसणारी बस कॅमेऱ्याच्या दृष्टीने खऱ्या बसइतकीच लांब असते, म्हणून फोकस बसच्या प्रतिमेवर धरायचा. पाण्यातली प्रतिमा खऱ्या वस्तूपेक्षा काळवंडलेली असते, त्यामुळे दोन्ही चौकटीत घेतली तर उजेडाची तडजोड करावी लागते. मी खरी बस सोडून दिली आणि फक्त पाण्यातली घेतली. पोलरायझर लावलेला असेल तर काढा, नाहीतर फिरवून परिणाम बघा. चकाकी घालवण्यासाठीच ती काच असते आणि तुमचं प्रतिबिंब तीच पुसून टाकेल. फोन असेल तर उलटा धरा. लेन्स फोनच्या वरच्या कडेला असते, उलटा धरल्यावर ती पाण्यापासून बोटभर अंतरावर येते आणि एवढंसं डबकं तळ्यासारखं पसरतं.

सगळ्यात अवघड शब्द ऑक्टोबरात आला: 'नाद'. ऐकू येणारी गोष्ट दाखवायची कशी? आम्ही चौघे मिरजेला गेलो. सतार-तंबोऱ्याचं हे गाव. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले. कारखान्यात शिरलं की छताला टांगलेले भोपळे, तुणीचं लाकूड, रंधा मारल्याचा वास. पहिल्या अर्ध्या तासात प्रत्येकाने टांगलेल्या भोपळ्यांचे फोटो काढले. सुंदर, पण मुके.

मग कारागीर जव्हारी लावायला बसले. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा पृष्ठभाग कानसेने किंचित घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. घासणं केसाएवढं, ऐकणं मिनिटभर. तार छेडली की ते डोळे मिटत आणि मान तंबोऱ्याकडे झुकवत. ते ऐकणंच मला दाखवायचं होतं. खिडकीचा उजेड एका बाजूने होता. आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची क्षमता) १६००, ५० मिलिमीटरची लेन्स, छिद्र एफ २.८, शटर सेकंदाचा १/१२५ वा भाग. फोकस कानावर. हात, घोडी, तारा सगळं धूसर गेलं, जाऊ दिलं. शटरचा आवाज त्यांच्या कामात येऊ नये म्हणून तार छेडली असताना एकदाही बटण दाबलं नाही, सूर विरत आल्यावर दाबलं. तो फोटो बघून मैत्रीण आधी काही बोललीच नाही, मग म्हणाली, "काय ऐकतायत?" मला बक्षीस तेवढ्यातच मिळालं.

कॉलेजच्या एका मुलाने फोनवर तारांचा फोटो काढला होता आणि त्यात तारा चक्क लाटांसारख्या नागमोडी आल्या होत्या. सगळ्यांना वाटलं, नादाची लाट पकडली. खरं कारण वेगळं आहे. फोनचा सेन्सर चित्र एका क्षणात न टिपता वरून खाली एकेक ओळ वाचत जातो, तेवढ्या वेळात थरथरणारी तार जागा बदलते आणि सरळ तार नागमोडी दिसते. तरीही माझं मत असं की फोटो विषयात बसत होता, कारण थरथर खरी होती. फक्त तार डोळ्यांना कधीच तशी दिसत नाही हे सांगायला हवं. गटात यावर तासभर वाद झाला आणि तो मिटला नाही.

चौथी पायरी: लांबून, मधून, जवळून, आणि मग थांबून

जागेवर पोचल्यावर पहिला फोटो लांबून काढा, ज्यात जागा कळते. दुसरा मधल्या अंतरावरून, ज्यात माणूस आणि त्याचं काम कळतं. तिसरा इतक्या जवळून की एकच गोष्ट उरेल. हे तीन झाले की कॅमेरा खाली घ्या आणि पंधरा मिनिटं तिथेच बसा. माझे पाचही चांगले फोटो या पंधरा मिनिटांनंतरचे आहेत. लोक तुम्हाला विसरतात, तुम्हीही स्वतःला विसरता, आणि जागा आपलं काम करायला लागते.

एक विषय, जो मी जपून हाताळला

ऑगस्टची चिठ्ठी 'पाणी' होती. सांगलीत ऑगस्टमध्ये हा शब्द नुसता शब्द नसतो. आयर्विन पुलाजवळची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे इथे लहान पोरालाही पाठ आहे. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या गल्लीत नावा फिरल्या. त्या वर्षीचे माझ्या फोनमध्ये दोनशेच्या वर फोटो आहेत. त्यातला एकही मी स्पर्धेला दिलेला नाही, पुढेही देणार नाही. माडीवर अडकलेली माणसं मदतीची वाट बघत होती, फोटो काढून घ्यायला उभी नव्हती. संकटातल्या माणसाचा चेहरा विषयाची सोय म्हणून वापरू नये, एवढा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. बातमीदाराचं काम वेगळं, त्याबद्दल मी बोलत नाही.

मी फोटो काढला तो कोरड्या भिंतीचा. ओळखीच्या एका घरात दाराच्या चौकटीवर मुलाची उंची दरवर्षी पेन्सिलीने नोंदलेली आहे, तारीख घालून. पुराची तपकिरी रेघ त्या सगळ्या खुणांच्या कितीतरी वर, बापाच्या डोक्याहून उंच. मुलाला रेघेखाली उभं केलं. चित्रात पाण्याचा एक थेंबही नाही.

या फोटोने शीर्षक झाकायच्या कसोटीत मला एक नवीन गोष्ट दाखवली. आमच्या गटातल्या सगळ्यांना तो दोन सेकंदांत कळला. पुण्याहून आलेल्या माझ्या भाचीला कळला नाही, तिला ती रेघ भिंतीच्या ओलीची वाटली. म्हणजे कसोटी कुणावर घ्यायची हेही ठरवावं लागतं. फोटो सांगलीतच दाखवायचा असेल तर तो पुरेसा बोलतो. बाहेरच्या स्पर्धेला द्यायचा असता तर चौकट रुंद करून शेजारच्या घरांवरची तीच रेघ आत घेतली असती, म्हणजे ओल एका भिंतीची नाही, हे चित्रातच कळलं असतं.

पाचवी पायरी: निवड

निवडीला काढण्याइतकाच वेळ द्या. मी तर जास्त देते.

काढलेल्या दिवशी काहीही पुसू नका आणि काहीही निवडू नका. त्या दिवशी तुम्हाला चित्र दिसत नाही, तिथे घालवलेली दुपार आठवत असते. चार दिवस जाऊ द्या. मग सगळे फोटो पडद्यावर नखाएवढे करून बघा. इतक्या लहान आकारातही ज्यांचा आकार कळतो ते वेगळे काढा. साधारण दहा-बारा उरतात. त्यांतून प्रत्येकाला एकच प्रश्न: विषयाची गोष्ट चित्रातून काढून टाकली तर या फोटोचं काही अडतं का? काही अडत नसेल तर फोटो छान असला तरी या महिन्याचा नाही. तो दुसऱ्या पिशवीत ठेवा.

उरलेल्या तीन-चारांच्या स्टुडिओतून लहान, ४ बाय ६ इंची प्रिंट्स काढून आणा आणि कपाटाच्या दारावर लावा. येता-जाता बघा. दोन दिवसांत एखादा नकोसा होतो, एखादा दरवेळी थांबवतो.

मग दुसऱ्या माणसाला दाखवा, शक्यतो फोटोत रस नसलेल्याला. माझ्याकडे सासूबाई आहेत. विचारण्याची एक पद्धत आहे. "कसा आहे?" असं विचारलं की घरची माणसं "छान" म्हणतात आणि संभाषण संपतं. "काय दिसतंय?" असं विचारा आणि गप्प बसा. मध्ये काही सुचवू नका. हमालाच्या हातांचा फोटो बघून सासूबाई म्हणाल्या, "हळद जाईना वाटतं त्याची." विषय त्यांना माहीत नव्हता. मी तो फोटो त्याच संध्याकाळी मोठा करायला दिला.

आता माझ्या फसलेल्या फोटोंपैकी सगळ्यात आवडत्याबद्दल सांगते. मेमध्ये 'सावली' निघाली. भूगोलाच्या बाईला याहून चांगलं दान पडणार नाही. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या गावांत वर्षातून दोन दिवस भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच नाहीशी होते. सांगलीत हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीला येतो आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास. मी दुपारी साडेबाराला गच्चीवर उभा पेला ठेवला, बरोबर वरून आणि बाजूने फोटो काढले, आणि मोठ्या अभिमानाने घेऊन गेले. सावली नसलेली सावली. रविवारी आठ जणांनी तो आलटून पालटून बघितला. औषध दुकानदारांनी विचारलं, "ताई, यात बघायचं काय?" मी समजावून सांगितलं तेव्हा सगळे खूश झाले, पण ते माझ्या सांगण्यावर खूश झाले होते. जे मला माहीत होतं ते चित्रात उतरलं नव्हतं. पेल्याची सावली नाही हे कळायला आधी सावली अपेक्षित असावी लागते, आणि गच्चीवरच्या एकट्या पेल्याने ती अपेक्षाच निर्माण केली नाही. त्याच दुपारी खाली बाजारात भाजीवाल्या उन्हापासून वाचायला भिंतीच्या सावलीला सरकायच्या, तर भिंतीला सावलीच नव्हती. तो फोटो बोलला असता. मी माडीवरून खाली उतरले नाही.

सहावी पायरी: संपादन, हात आखडून

क्षितिज सरळ करा, कडेला आलेला अर्धा हात किंवा प्लास्टिकची पिशवी कापून टाका, अंधारातला चेहरा थोडा उजळा. नको असलेला माणूस पुसून टाकणं किंवा आकाश बदलणं मी करत नाही, बहुतेक स्पर्धांतही ते चालत नाही. पिवळा, लाल अशा विषयांत रंग वाढवायचा मोह होतो. तेव्हा रंग वाढवण्याऐवजी आजूबाजूचे रंग थोडे शांत करून बघा. आणि छापायला देणार असाल तर पडद्याचा उजेड कमी करून एकदा बघा, कारण उजेड पूर्ण वाढवलेल्या पडद्यावर चांगला दिसलेला फोटो कागदावर काळवंडून येतो.

सातवी पायरी: शीर्षक आणि पाठवणी

शीर्षकात विषयाचा शब्द पुन्हा लिहू नका. 'पिवळे स्वप्न', 'पाण्याची हाक' अशी नावं फोटोला काही देत नाहीत. जागा, वेळ, काम यांतलं एक लिहा. हातांच्या फोटोला मी 'सौदा संपल्यावर' एवढंच लिहिलं.

बाहेरच्या स्पर्धेला पाठवताना नियम शेवटपर्यंत वाचा, विशेषतः फोटो नंतर कोण वापरू शकतं तो भाग. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतःसाठी काढलेल्या फोटोचा हक्क काढणाऱ्याचा असतो, पण प्रवेशिका भरताना तो कायमचा देऊन टाकणाऱ्या अटी मी वाचल्या आहेत. अशा ठिकाणी पाठवत नाही. ८ बाय १२ इंची चांगल्या प्रिंटसाठी इंचाला ३०० पिक्सेलच्या हिशोबाने २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे साधारण ८६ लाख. फोनवरून एकमेकांना पाठवताना फोटो म्हणून पाठवला तर तो दाबून लहान केला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ फाइल कधीही बदलू नका, संपादन प्रतीवर करा. फोनचा फोटो ४ बाय ३ च्या प्रमाणात असतो आणि ८ बाय १२ चा कागद ३ बाय २ च्या, म्हणजे वरखालून थोडं कापलं जाणार. ते स्टुडिओवर न सोडता स्वतः कापून द्या.

आठवी पायरी: मागे वळून बघणं

प्रत्येक फोटोमागे वहीचं एक पान ठेवा. विषय काय होता, पहिल्या यादीत काय होतं, काय खोडलं, काय निवडलं, लोक काय म्हणाले. लोकांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत लिहा. "यात बघायचं काय?" हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं म्हणून ते आज कामाला येतंय. न निवडलेल्या तीन-चार प्रिंट्सही त्याच पानाला चिकटवा. सहा महिन्यांनी बघताना तीनदा तरी मला वाटलं की खोडलेलाच बरा होता.

वर्ष संपलं की सगळे फोटो एकत्र मांडा. एकटा फोटो स्वतःबद्दल बोलतो, बारा एकत्र मांडले की ते काढणाऱ्याबद्दल बोलायला लागतात. कंडक्टरकाकांच्या बारापैकी दहांत रस्ता होता, विषय काहीही असो. शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीच्या फोटोंत दरवेळी कुठेतरी कापडाची घडी होती, पडद्याची, पदराची, पोत्याची, आणि तिला ते तोवर माहीत नव्हतं. सापडलेली गोष्ट सोडायची की धरायची, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मैत्रिणीने धरली आहे, यंदा ती मुद्दाम घड्याच काढते.

माझ्या बारा फोटोंत हात होते, कान होता, पाठ होती, पाण्यातली बस होती, आणि मुलगा होता तो भिंतीकडे तोंड करून. समोरून बघणारा चेहरा एकही नव्हता. मी परवानगी मागते, लोक हो म्हणतात, आणि तरीही ऐन वेळी मी कॅमेरा बाजूला वळवते. हे सतरंजीवर मांडेपर्यंत मला दिसलं नव्हतं.

यंदा जानेवारीच्या चिठ्ठीवर 'शेजार' आलं आहे. यादी लिहून झाली, पहिली पाच नावं खोडून झाली. कुंपण, कट्टा आणि वाटीभर साखर गेली. शेजारच्या काकूंना काल विचारलं, तुमचा फोटो काढू का, अगदी समोरून. त्या चुलीवरचं पाणी बघत थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "काढ की. पण रविवारी ये, नहाण झाल्यावर. आणि मी हसणार नाही हां." मी म्हटलं, चालेल. सकाळी आठच्या सुमाराला त्यांच्या ओसरीवर ऊन येतं, परवा जाऊन बघून आले आहे.